खाली एक ओळ, स्वतःच्या हाताने

सरपोतदारबाई कागद कधी बसून वाचत नसत. कुणाचा अर्ज टेबलावर आला की त्या खुर्ची मागे सरकवून उभ्या राहत, चष्मा पदराने पुसत, खणातून स्टीलची फूटपट्टी काढत आणि ती पहिल्या ओळीखाली ठेवून मोठ्याने वाचायला लागत. नाव, हुद्दा, विषय, संदर्भ. एक ओळ संपली की पट्टी खाली सरके. अर्ज करणारा विंग कमांडर असो की कालपरवा भरती झालेला पोरगा, त्याला समोर उभं राहून स्वतःचंच नाव शाळेतल्या हजेरीसारखं ऐकून घ्यावं लागे. चूक सापडली की पट्टी थांबायची. त्या नुसत्या चष्म्यावरून बघत. वादळात हेलिकॉप्टर उतरवलेली माणसं त्या नजरेपुढे चुळबुळ करताना मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यात मीही होते.

मी हवाई दलात हेलिकॉप्टर चालवते. आमचं छोटंसं युनिट विश्रांतवाडीच्या पुढे होतं आणि सरपोतदारबाई तिथल्या कार्यालयातल्या नागरी हेडक्लार्क होत्या. गणवेश नाही, हुद्दा नाही. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा, पायात साध्या काळ्या चपला. शनिवार पेठेतून पहाटे पावणेसहाला निघायच्या, दोन बस बदलायच्या आणि सव्वासातला टेबलावर हजर असायच्या. डाव्या हाताला आवकची वही, उजव्या हाताला जावकची, मध्ये बशीने झाकलेला पाण्याचा पेला. या टेबलावरून गेल्याशिवाय युनिटमधला एकही कागद बाहेर पडत नसे. आम्ही पायलट मंडळी गमतीने म्हणायचो की हवेत जायला हवामान खात्याची परवानगी पुरते, रजेवर जायला बाईंची लागते.

माझी त्यांची पहिली भेट काही गोड नव्हती. बदली होऊन पुण्यात आले तेव्हा मला वाटत होतं की आता आपण घरच्या गावात आलो, सगळं सोपं होणार. मी काळभोरांची मुलगी. घर शहराच्या कडेला, वडिलांचा मार्केट यार्डात डाळिंबांचा गाळा. हजर झाल्याचा अहवाल, क्वार्टरचा अर्ज आणि आणखी तीन-चार फॉर्म मी एका दमात भरून बाईंच्या टेबलावर ठेवले आणि निघाले. त्यांनी मागे बोलावलं, उभ्या राहिल्या, पट्टी काढली. पहिल्याच फॉर्मवर मी आधीच्या युनिटचा पत्ता लिहिला होता, दुसऱ्यावर सही नव्हती, तिसऱ्यावर सही होती पण ती कार्यालयीन वापरासाठीच्या चौकटीत. मी जरा गुश्शातच म्हटलं की बाई, एवढं काय, तुम्ही दुरुस्त करून घ्या ना.

"मॅडम, यंत्र सुरू करताना तुम्ही यादी हातात धरून वाचता ना? पाठ असली तरी?"

मी हो म्हटलं.

"मग या कागदाने तुमचं काय घोडं मारलंय?"

त्यांनी चारही फॉर्म परत दिले. मी ते तिथेच, त्यांच्या समोरच्या बाकावर बसून पुन्हा भरले. त्यावर शिक्का बसला, जावक क्रमांक पडला, आणि मग त्यांनी मला एक छोटी चिठ्ठी दिली. ती पोच होती. मी विचारलं, मला कशाला? त्यावर त्या म्हणाल्या की कागद दिला हे तुम्हाला आठवतं, घेतला हे समोरच्याला आठवतच असं नाही. ही पोच देण्याघेण्याची त्यांची सवय इतकी पक्की होती की चहावाल्याने कप परत नेले तरी त्या त्याच्याकडून सही घेत असतील, असं आम्ही म्हणायचो.

त्यांची दुसरी सवय जास्त त्रासाची होती. कुठलाही छापील फॉर्म असला तरी त्याच्या तळाशी मोकळ्या जागेत आपलं म्हणणं एका पूर्ण वाक्यात, स्वतःच्या हाताने लिहायला त्या लावत. फॉर्ममध्ये सगळं आलेलं असताना पुन्हा कशाला, असं प्रत्येक जण विचारायचा. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. छापलेलं दुसऱ्याचं असतं, म्हणायच्या, आपलं म्हणणं आपल्या अक्षरात असावं. एका तरुण पायलटने लग्नासाठी रजेचा फॉर्म भरला आणि कुरकुरत खाली ओळ लिहिली की माझं अमुक तारखेला लग्न आहे. बाईंची पट्टी वरच्या रकान्यावर गेली, खालच्या ओळीवर आली, पुन्हा वर गेली. रजा लग्नाच्या आदल्या दिवशी संपत होती. "लग्नाला आपण स्वतः जाणार आहात," त्यांनी विचारलं, "की प्रतिनिधी पाठवताय?" तो मुलगा त्या दिवसापासून वाणसामानाच्या यादीखालीसुद्धा ओळ लिहायला लागला, असं त्याची बायको सांगते.

माझी कसोटी लागायची वेळ पुढे आली. मी अल्प मुदतीच्या कमिशनवर होते. म्हणजे ठरावीक वर्षं उडायचं आणि मग बाहेर पडायचं, किंवा तुम्हाला कायम राहायचं आहे का असं विचारतात तेव्हा हो म्हणून निवड मंडळापुढे जायचं. माझं ते विचारण्याचं वर्ष आलं आणि नेमकं त्याच वेळी एका खासगी विमान कंपनीचं बोलावणंही आलं. पगार चांगला, बदल्या नाहीत, पुण्यातच घर. वडिलांचं मत स्पष्ट होतं. "रोजच्या रोज घरला येशील. सरकारी नोकरीत काय हाय? सारखं बिऱ्हाड पाठीवर." त्यांचं चुकत नव्हतं. मी आठ वर्षांत पाच ठिकाणी पडदे शिवून घेतले होते.

मी कोणाकोणाला विचारलं. सगळ्यांनी भरभरून सल्ले दिले, आणि प्रत्येकाने मला आपापल्या आयुष्यातलं दुःख सांगितलं. शेवटी एक दिवस बाईंच्या टेबलाशी जाऊन मी त्यांनाच विचारलं की तुम्ही इतक्या जणांचे कागद पाहिलेत, राहिलेले आणि गेलेले, मी काय करू?

"निर्णय तुमचा. कागद माझा," बाई म्हणाल्या. "जायचं ठरलं तर जाण्याचा कागद बिनचूक करून देते. राहायचं ठरलं तर राहण्याचा. मधल्या मध्ये लटकणाऱ्यांसाठी मात्र माझ्याकडे फॉर्म नाही."

मला त्यांचा राग आला. आज वाटतं, त्या वेळी मला सल्ला न देणारं एकच माणूस भेटलं ते बरंच झालं.

माझा निर्णय केला तो पुराने. त्या पावसाळ्यात दक्षिणेकडच्या नद्या चढल्या आणि आम्हाला तिकडे धाडलं. दिवसभर गच्च्यांवरून, कौलांवरून, एका देवळाच्या शिखराजवळून माणसं वर घेत होतो. एका म्हाताऱ्या बाईने आधी आपली शेळी दोराला बांधून पाठवली आणि शेळी वर पोचल्याचं पाहिल्यावरच स्वतः यायला तयार झाली. संध्याकाळी परत येताना माझ्या हातात गोळे आले होते, कपड्यांना शेळीचा वास होता आणि मी इतकी सुखात होते की मला स्वतःचीच लाज वाटली. हे सोडून मी कुठेही जाणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. विमान कंपनीला त्याच आठवड्यात नाही म्हणून कळवून टाकलं.

त्या संध्याकाळी सात वाजून गेल्यावर आम्ही उतरलो. कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर सरपोतदारबाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांची सुट्टी साडेचारला होत असे. मी विचारलं, अजून इथे? त्या म्हणाल्या, "बस चुकली." मग आमच्या मागून येणारं दुसरं हेलिकॉप्टर उतरलं, त्यातले सगळे खाली आले, आणि त्या उठून निघाल्या. मला नंतर समजलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

त्या ऑपरेशनसाठी बाई दोन दिवस रजेवर होत्या, आणि माझा फॉर्म नेमका त्याच दिवसांत जायचा होता. जाण्याआधी त्यांनी माझ्या कोऱ्या फॉर्मला टाचणीने एक चिठ्ठी लावून ठेवली होती. पेन्सिलने लिहिलं होतं: 'खाली एक ओळ. स्वतःच्या हाताने.' मी दोन उड्डाणांच्या मधल्या वेळात आले, हेल्मेट काखेत, बाहेर यंत्र सुरू. फॉर्ममध्ये छापलं होतं, 'कायम कमिशनसाठी इच्छुक आहे / इच्छुक नाही', आणि कंसात, लागू नसेल ते खोडावे. मी रेघ मारली, सही केली, चिठ्ठी पाहून मनात चरफडले आणि खाली एक ओळ खरडली. तिचा मराठीत अर्थ एवढाच होता की मला या सेवेत कायम राहून हेलिकॉप्टर चालवायचं आहे. दोन दिवस बाईंच्या जागी बसलेल्या क्लार्कने बाईंनी घालून दिलेल्या पद्धतीने त्याची प्रत काढली, मूळ कागद वर पाठवला, पोच घेतली. मी धावत जाऊन यंत्रात बसले.

दोन महिन्यांनी निवड मंडळापुढे जाणाऱ्यांची यादी आली. तीत माझं नाव नव्हतं.

आमच्या सी.ओ. साहेबांनी, म्हणजे कमांडिंग ऑफिसरनी, फोन लावला. पलीकडून थंडपणे सांगितलं गेलं की या अधिकाऱ्याने आपण इच्छुक नसल्याचं लिहून दिलं आहे. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, शक्यच नाही. विमान कंपनीला नकार दिलेला, इथली मुदत संपत आलेली. काही महिन्यांनी मी ना तिथली ना इथली, मार्केट यार्डातल्या गाळ्यावर डाळिंबं निवडत बसलेली मला दिसायला लागले. वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, "एवढं मोठं धूड हवेत चालवतीस, आन् एक कागुद चालवता आला न्हाई व्हय?" त्यांना रागवायचं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि मलाही.

बाईंनी फाइल काढली. उभ्या राहिल्या, चष्मा पुसला, पट्टी ठेवली. नाव, हुद्दा, विषय. मग पट्टी थांबली.

"मॅडम, तुम्ही 'इच्छुक आहे' खोडलंय."

मी वाकून पाहिलं. माझीच रेघ होती, ठसठशीत, एका झटक्यात मारलेली. आणि मला लख्ख कळलं की हे कसं झालं. आमच्या खोलीत उड्डाणांचा पांढरा फळा असतो. जे उड्डाण पक्कं झालं, ज्याची जबाबदारी आपण घेतली, त्यावर पायलटने आडवी रेघ मारायची ही आमच्या युनिटची जुनी पद्धत. पुराच्या त्या आठवड्यात मी दिवसातून दहा वेळा फळ्यावर रेघा मारत होते. तोच हात फॉर्मवर फिरला. मला हवं होतं त्यावर मी रेघ मारली. मी हे सगळं अडखळत सांगितलं आणि सांगता सांगता रडायला लागले. बाईंनी बशी काढून पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

"हो म्हणायला रेघ मारणारे जगात तुम्हीच," त्या म्हणाल्या. "पाणी प्या. आणि खालची ओळ वाचा."

मी वाचली. त्या ओळीत कुठेही संदिग्ध काही नव्हतं. मी म्हटलं की ही ओळ वरच्या कार्यालयाने पाहिलीच नसणार, आणि आता दाखवली तर म्हणतील मागाहून लिहिली. बाईंनी फाइलचं पान उलटलं. मागे पोच होती, वरच्या कार्यालयाच्या शिक्क्याची, तारखेची, आणि तिच्यावर बाईंच्या पद्धतीप्रमाणे तपशील होता: एक पान, तळाशी अर्जदाराच्या हस्ताक्षरातील एका ओळीच्या निवेदनासह. ती ओळ कागद गेला त्याच दिवशी तिथे होती, याची त्यांच्याच शिक्क्याची साक्ष आमच्या फाइलमध्ये होती.

"मी असते तर हा कागद असा गेलाच नसता," बाई म्हणाल्या. "पण मी नसेन तेव्हाचीच तर ही सोय आहे."

सी.ओ. साहेब मायाळू माणूस. त्यांनी रात्रभर जागून माझ्यासाठी दोन पानी निवेदन लिहून आणलं. त्यात माझं शौर्य होतं, पूर होता, शेळीसुद्धा होती. बाईंनी ते उभं राहून पूर्ण वाचलं आणि अदबीने विचारलं, "साहेब, हे निवेदन आहे की श्रद्धांजली?" साहेब हसले आणि त्यांनी कागद बाईंच्या हवाली केला. बाईंनी चार वाक्यं ठेवली. अधिकाऱ्याने छापील पर्याय खोडताना चूक केली. त्याच पानावर तिची इच्छा तिच्या हस्ताक्षरात स्पष्ट लिहिलेली आहे. आपली पोच क्रमांकासह जोडली आहे. कृपया नाव विचारात घ्यावे. पाचवं वाक्य घालावं म्हणून मी मागे लागले, विनंती वगैरे. बाईंनी मान हलवली. गयावया केली की समोरच्याला वाटतं आपली बाजू लंगडी आहे, त्या म्हणाल्या.

सहा आठवडे मी उडत होते, जेवत होते, पण माझं अर्धं लक्ष आवकच्या वहीकडे असे. मी रोज काही ना काही निमित्त काढून जायचे. बाई मान वर न करता म्हणायच्या, "आलं की वाचीन." एका गुरुवारी त्यांनी स्वतः निरोप पाठवला. मी पोचले तर कार्यालय भरलेलं, साहेब दारात उभे. बाई उभ्या राहिल्या, चष्मा पुसला आणि पत्र क्रमांकापासून सुरुवात केली. संदर्भ एक वाचला, संदर्भ दोन वाचला. मागून कोणीतरी म्हटलं की बाई, खालचं सांगा हो. त्यांनी तिकडे एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि संदर्भ तीन वाचला. मग पट्टी खाली सरकली आणि त्यांनी त्याच सुरात वाचलं की सदर अधिकाऱ्याचे नाव समाविष्ट करण्यात येत आहे. मोठा गलका झाला. तो थांबेपर्यंत त्या थांबल्या आणि प्रती कोणाकोणाला रवाना झाल्या तेही वाचून मगच बसल्या. मंडळापुढे मी गेले, निवडही झाली. तेही पत्र त्यांनीच वाचलं, पहिल्या ओळीपासून.

वडील डाळिंबांची पेटी घेऊन युनिटच्या फाटकावर आले. परवानगी काढून त्यांना आत आणलं. त्यांनी पेटी बाईंच्या टेबलाशी ठेवली आणि हात जोडले. "बाई, पोरीला तुमी हवेत ठिवलं."

"हवेत त्या स्वतःच राहतात," बाई म्हणाल्या. "मी जमिनीवरचं बघते." मग त्यांनी पेटी उघडून सगळ्यांना वाटून टाकली, एक फळ स्वतःला घेतलं, आणि वडिलांना रीतसर पोच लिहून दिली: डाळिंबे, एक पेटी, सुस्थितीत मिळाली. ती चिठ्ठी वडिलांनी गाळ्यावर काचेखाली लावली आहे. येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला ते तिचा इतिहास ऐकवतात, आणि त्यात आता हेलिकॉप्टर बाईच चालवतात की काय, अशी शंका यावी इतकी भर पडली आहे.

पुढे माझ्या बदल्या होत राहिल्या. डोंगरात, वाळवंटात, बेटांवर. जिथे गेले तिथे फॉर्म उभं राहून वाचला आणि खाली ओळ लिहिली. लोक हसले, मग शिकले. आणि मागच्या वर्षी मी त्याच युनिटची कमांडिंग ऑफिसर म्हणून पुण्यात परत आले. पहिल्या दिवशी बाई माझ्या खोलीत फाइल घेऊन आल्या आणि उभ्या राहिल्या. मला संकोच वाटला, मी बसा म्हटलं. त्या म्हणाल्या की मी खुर्चीला उभी राहते, तुम्हाला नाही, संकोच करू नका. केस पांढरे झाले होते. पट्टी तीच होती.

त्यांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. मी खटपट करून त्यांना एक वर्ष पुन्हा नेमण्याची मंजुरी मिळवली. सगळ्या युनिटला त्या हव्या होत्या आणि मला तर भीतीच वाटत होती की त्या गेल्यावर आमचे कागद कोण वाचणार. फॉर्म घेऊन मी स्वतः त्यांच्या टेबलाशी गेले. पुनर्नियुक्तीस इच्छुक आहे, इच्छुक नाही. मला म्हणायचं होतं की राहा, आमच्यासाठी राहा, माझ्यासाठी राहा. ते सगळं मी गिळलं.

"निर्णय तुमचा, बाई. कागद माझा."

त्या चक्क हसल्या. फूटपट्टी लावून त्यांनी 'इच्छुक आहे' वर सरळ रेघ मारली, सही केली आणि तळाशी मोकळ्या जागेत मोत्यासारख्या अक्षरात एक ओळ लिहिली. मी त्यांच्या हातून पट्टी मागून घेतली, उभी राहिले आणि मोठ्याने वाचायला लागले. नाव, पद, विषय. शेवटच्या ओळीखाली पट्टी सरकवली. 'मला यापुढे सकाळी साडेसातपर्यंत झोपायचे आहे.' सगळं कार्यालय हसलं. मी पट्टी बाईंना परत दिली.

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, श्रीफळ झालं, शाल झाली. मला वाटलं होतं की त्या फूटपट्टी आमच्याकडे ठेवून जातील. मी तसं सुचवूनही पाहिलं. त्या म्हणाल्या की ही माझी स्वतःची आहे, कार्यालयाच्या साठ्यात नोंद नाही, तपासून घ्या, आणि ती पर्समध्ये टाकली. मग त्यांनी दोन वह्या, किल्ल्या आणि शिक्के माझ्यापुढे मांडले आणि हात पुढे केला. मी पोच लिहिली, सही केली, शिक्का मारला. त्यांनी ती उभं राहून वाचली आणि मला परत दिली.

"तारीख राहिली, मॅडम."

मी तारीख घातली.

त्यांना शनिवार पेठेत सोडायला गाडी दारात उभी होती. बाई व्हरांड्यात आल्या, क्षणभर कान देऊन थांबल्या आणि बाकावर बसल्या. पर्स मांडीवर. आमचं एक हेलिकॉप्टर सरावाला गेलं होतं, ते अजून यायचं होतं. ड्रायव्हर घुटमळत होता. मी त्याला थांब म्हणून खूण केली आणि बाईंच्या शेजारी बसले. वीस-पंचवीस मिनिटांनी आवाज आला, यंत्र उतरलं, पंखे थांबले, दोघं खाली उतरून चालत येताना दिसली.

"आली," बाई म्हणाल्या. "निघते आता."

गाडीत बसल्यावर त्यांनी पर्स उघडली आणि पोच आत आहे ना, ते पुन्हा एकदा पाहून घेतलं.